कांजीचा अभ्यास : भीती, इतिहास आणि पद्धत

जपानी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले काही आठवडे उत्साहाचे असतात. हिरागाना आणि काताकाना या दोन वर्णमालांत प्रत्येकी शेहेचाळीस मूळ अक्षरे असतात, आणि ती महिन्याभरात हातात बसतात. वाक्यरचनाही परकी वाटत नाही. मराठीप्रमाणेच जपानीतही कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. त्यानंतर कांजी समोर येते, आणि येथेच अनेकांचा धीर सुटतो. कोणी ती पुढच्या वर्षावर ढकलतो, कोणी 'बोलता आले म्हणजे पुरे' अशी समजूत करून घेतो, तर कोणी भाषाच सोडून देतो.

हा प्रश्न आता केवळ हौशी अभ्यासकांचा राहिलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी सहकार्याचा करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, कारखाने, शेती, उपाहारगृहे अशा क्षेत्रांची दारे त्यामुळे आपल्या मुलामुलींसाठी उघडली. त्यांपैकी बहुतेक क्षेत्रांसाठी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची किमान एन-४ पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परंतु परीक्षा हा उंबरठा आहे. घर त्याच्या पुढे आहे. कारखान्याच्या दारावरील 'किंशि' म्हणजे 'मनाई' हा शब्द ज्याला वाचता येत नाही, त्याचा हात यंत्रात जाऊ शकतो. शुश्रूषागृहातील नोंदवहीत 'गोएन' म्हणजे 'घास श्वासनलिकेत जाणे' असे लिहिलेले ज्या परिचारिकेला कळत नाही, तिच्या हातून एखाद्या वृद्धाचा जीव धोक्यात येऊ शकतो. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात महाभूकंप झाला, तेव्हा तेथील अनेक परदेशी रहिवाशांना स्थलांतराच्या सूचनाच समजल्या नाहीत. त्या अनुभवातूनच जपानमध्ये 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, ही कल्पना पुढे आली. तेव्हा कांजी शिकणे ही परदेशी माणसासाठी सुरक्षिततेची आणि सन्मानाने जगण्याची बाब आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : कांजीची संख्या मोठी आहे हे खरे, पण ती अवघड होते ती आपण तिला सुटी सुटी, संदर्भाशिवाय पाठ करू लागतो म्हणून. कांजी शब्दातून शिकावी, तिचे अवयव ओळखावेत, ती हाताने लिहावी आणि रोज थोडी शिकावी. या चार गोष्टी विस्ताराने पाहण्यापूर्वी थोडा इतिहास समजून घेणे उपयोगाचे ठरेल. येथे उच्चार देवनागरीत दिले आहेत ते वाचकांच्या सोयीसाठी; मूळ चिन्हे पाठ्यपुस्तक उघडून शेजारी ठेवून पाहावीत.

ही लिपी जपानात कशी आली?

'कान्' म्हणजे चीनमधील हान लोक आणि 'जि' म्हणजे अक्षर. कांजी ही मुळात चिनी लिपी असून ती कोरियन द्वीपकल्पाच्या मार्गाने जपानात पोहोचली. तिच्या प्रसाराला मोठी गती मिळाली ती बौद्ध धम्मामुळे. सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातील पेक्चे राज्याकडून बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ जपानच्या दरबारात आले. परंपरेने यासाठी ५३८ किंवा ५५२ हे वर्ष सांगितले जाते. सूत्रे वाचायची तर कांजी येणे भाग होते. विहार हीच त्या काळची पाठशाळा झाली.

चिनी भाषेची घडण जपानीहून अगदी वेगळी. म्हणून जपानी लोकांनी काही चिन्हे केवळ ध्वनीसाठी वापरली आणि त्यांतून नवव्या शतकाच्या सुमारास हिरागाना व काताकाना तयार झाल्या. सूत्रग्रंथ वाचताना भिक्षू ओळींच्या बाजूला उच्चाराच्या लहान खुणा करीत. काताकानाचा उगम त्या खुणांत आहे. कूकाइ हा विद्वान भिक्षू ८०४ साली चीनला गेला. चांगआन नगरीत भारतात शिकलेल्या प्रज्ञ या भिक्षूकडून त्याने संस्कृतचे धडे घेतले आणि ८०६ साली तो मायदेशी परतला. आपल्याकडे लुप्त झालेली सिद्धम् लिपी जपानमधील विहारांनी आजवर जपली आहे. जपानी वर्णमालेचा 'आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' हा क्रम ऐका. कंठापासून ओठांकडे जाणारी ही आपल्या बाराखडीचीच रचना आहे. 'हा'च्या जागी प्राचीन काळी 'पा' होता हे लक्षात घेतले की साम्य अधिकच स्पष्ट होते. मराठी विद्यार्थी जपानी शब्दकोश उघडतो तेव्हा तो अगदीच परक्या प्रदेशात नसतो, तो यामुळे.

लिपी कोणासाठी?

लिपी अवघड असली की ती मूठभरांची मक्तेदारी बनते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. जपानमध्येही हा वाद झाला. १८६६ साली माएजिमा हिसोका यांनी कांजी रद्द करावी असा प्रस्ताव शोगुनाकडे मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमन लिपी स्वीकारण्याचाही विचार झाला. शेवटी मधला मार्ग निघाला : १९४६ साली दैनंदिन व्यवहारासाठी १,८५० कांजींची यादी ठरली, १९८१ साली ती १,९४५ झाली आणि २०१० पासून ती २,१३६ आहे. त्यांपैकी १,०२६ कांजी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवल्या जातात. पहिलीत केवळ ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००. उरलेल्या प्रामुख्याने माध्यमिक शाळेत शिकतात. म्हणजे जपानी मूलदेखील सुमारे नऊ वर्षे घेते.

तरीही सर्वांना अक्षर मिळाले असे झाले नाही. जपानमधील बुराकु समाजाच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या अस्पृश्यतेसारखी वागणूक आली. १८७१ च्या आदेशाने त्यांचा हीन दर्जा कायद्याने संपला. परंतु भेदभाव संपला नाही. १९२२ साली त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापन केली. १९६१ साली कोची येथील नागाहामा भागातील मातांनी मोफत पाठ्यपुस्तकांसाठी आंदोलन उभारले आणि १९६३ साली त्यासाठी देशव्यापी कायदा झाला. गरिबीमुळे शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी त्याच दशकात साक्षरता वर्ग सुरू झाले. चाळिशी-साठी ओलांडलेल्या स्त्रिया दिवसभराच्या कष्टानंतर रात्री वर्गात बसत. स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता, स्वतःच्या आयुष्याची हकिकत हा त्यांचा अभ्यासक्रम होता.

परदेशी विद्यार्थ्यासाठी यात दोन धडे आहेत. वय झाले म्हणून कांजी येत नाही, ही सबब टिकत नाही. आणि प्रारंभ आपल्या जगण्याला लागणाऱ्या शब्दांपासून करावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून पर्शियन घ्यावे लागले. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला आणि पाली शब्दकोशाचे कामही हाती घेतले. ज्यांच्या पुढाऱ्याने नाकारलेली भाषा अशा रीतीने मिळवली, त्यांच्या मुलांनी समोर खुली असलेली लिपी केवळ भीतीपोटी सोडावी, हे शोभणारे नाही.

१. कांजी शब्दातून शिका

विद्यार्थ्याची पहिली तक्रार असते की एकाच कांजीचे अनेक उच्चार का? याचे उत्तर मराठीतच आहे. आपण 'हात धुतले' म्हणतो. पण सहीला 'हस्ताक्षर' म्हणतो, 'हाताक्षर' म्हणत नाही. अर्थ एक, रूपे दोन : एक घरचे, दुसरे संस्कृतातून आलेले. आता अशी कल्पना करा, की 'हात' आणि 'हस्त' या दोहोंसाठी एकच चिन्ह आहे; एकटे आले की 'हात' वाचायचे, जोडशब्दात आले की 'हस्त'. कांजीत नेमके हेच घडते. 'हात' या अर्थाची कांजी एकटी असता 'ते' वाचली जाते, हे तिचे देशी म्हणजे 'कुन्' वाचन. 'आकुशु' म्हणजे हस्तांदोलन आणि 'काशु' म्हणजे गायक या शब्दांत तीच 'शु' होते, हे चिनीतून आलेले 'ओन्' वाचन. अपवाद अर्थातच आहेत. 'हात' आणि 'कागद' मिळून 'तेगामि', म्हणजे पत्र, हा जोडशब्द असूनही देशी उच्चारानेच वाचतात.

म्हणूनच उच्चारांची यादी पाठ करणे हा कष्टाचा अपव्यय आहे. 'जन्म, जीवन' या अर्थाच्या एकाच कांजीची डझनभर वाचने कोशात सापडतात. ती घोकण्याऐवजी 'सेंसेइ' म्हणजे शिक्षक, 'गाकुसेइ' म्हणजे विद्यार्थी, 'उमारेरु' म्हणजे जन्मणे असे तीन शब्द शिकावेत. वाचने त्यांच्या पाठोपाठ आपोआप येतात. 'आज' या अर्थाचा 'क्यो' हा शब्द तर दोन कांजींनी लिहितात, पण त्यांपैकी एकीचाही सुटा उच्चार त्यात नाही. असे शब्द अखंडच लक्षात ठेवावे लागतात.

क्रियापदांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याला आणखी एक आधार आहे. आपल्याकडे 'खा' हा धातू स्थिर राहतो आणि 'खातो, खाईल, खाऊन' असे प्रत्यय बदलतात. जपानीत धातूचा भाग कांजीत आणि बदलणारा भाग हिरागानात लिहितात : 'ताबेरु' खातो, 'ताबेता' खाल्ले, 'ताबेनाइ' खात नाही. या तिन्ही शब्दांत कांजी एकच राहते, फक्त शेपूट बदलते. जपानी लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. तेथे कांजी हीच शब्द कोठे सुरू होतो याची खूण असते. कांजी आली की वाचन जलद होते, ही गोष्ट सुरुवातीला पटत नाही. पण सहा महिन्यांनी केवळ हिरागानात छापलेला मजकूर वाचून पाहावा, म्हणजे ती पटते.

२. अवयव ओळखा

एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दोन रेघा, हे 'कि' म्हणजे झाड. दोन झाडे शेजारी आली की 'हायाशि', वनराई. तीन आली की 'मोरि', अरण्य. झाडाच्या डाव्या बाजूला माणूस आला की 'यासुमु', विश्रांती घेणे. अशी उदाहरणे मोहक असतात आणि शिक्षक येथूनच सुरुवात करतात. परंतु प्रत्येक कांजी हे चित्र आहे असा समज करून घेतला, की शंभराच्या आतच गाडी अडते. बहुसंख्य कांजी निराळ्या रीतीने घडल्या आहेत : एक अवयव अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा ध्वनी सुचवतो.

'तेरा' म्हणजे बौद्ध विहार किंवा मंदिर. याचे ओन् वाचन 'जि'. होर्यूजि, तोदाइजि या प्रसिद्ध विहारांच्या नावांतील 'जि' तोच. चीनमध्ये हे चिन्ह मुळात शासकीय कचेरीसाठी होते. धम्म तेथे पोहोचल्यावर ते विहारासाठी रूढ झाले. आता या चिन्हाच्या डावीकडे सूर्य लिहा, 'काळ, वेळ' ही कांजी होते, वाचन 'जि'. हात लिहा, 'धरणे' होते, वाचन 'जि'. माणूस लिहा, 'सामुराइ' होते. वाचन पुन्हा 'जि'. वाणीचे चिन्ह लिहा, 'कविता' होते. वाचन 'शि', म्हणजे जवळचेच. डावा भाग अर्थ सांगतो, उजवा भाग ध्वनी. मात्र पावलांची खूण लिहिली की 'थांबून वाट पाहणे' होते आणि त्याचे वाचन 'ताइ' आहे. नियम वाट दाखवतो, हमी देत नाही, हे यावरून ध्यानात येते. याहून चोख कुटुंबेही आहेत. 'निळा-हिरवा' या कांजीला पाणी जोडले की निर्मळ, सूर्य जोडला की निरभ्र आकाश, वाणी जोडली की विनंती. आणि चौघांचेही ओन् वाचन 'सेइ'.

जेम्स हायसिग यांनी १९७७ साली मांडलेल्या पद्धतीत आधी केवळ अवयव व अर्थ शिकवतात आणि उच्चार नंतरसाठी ठेवतात. अवयवांच्या गोष्टी रचून आकृती लक्षात ठेवण्यास ती उपयुक्त आहे. पण ज्याला चार-सहा महिन्यांत परीक्षा द्यायची आहे किंवा कामावर रुजू व्हायचे आहे, त्याने अर्थ आणि उच्चार यांची अशी फारकत करू नये. शिवाय स्मरणासाठी रचलेल्या गोष्टीला चिन्हाचा इतिहास समजू नये.

आपल्या परिचयाचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. बुद्ध, धम्म, संघ या तीन रत्नांना जपानीत 'बुत्सु, हो, सो' म्हणतात. यातील धम्मासाठीची 'हो' ही कांजी डावीकडे पाण्याच्या तीन थेंबांनी आणि उजवीकडे 'जाणे' या चिन्हाने बनते. ही एक कांजी नीट आली, की 'होहो' म्हणजे पद्धत, 'बुंपो' म्हणजे व्याकरण, 'होरित्सु' म्हणजे कायदा आणि 'केंपो' म्हणजे संविधान, हे सारे शब्द अर्धे ओळखीचे होतात. धम्म आणि संविधान या दोन्ही शब्दांत एकच अक्षर आहे, हे आपल्या विद्यार्थ्याला एकदा सांगितले की तो सहसा विसरत नाही. नवी कांजी जुन्या ओळखीला जोडून घ्यावी, हे तत्त्व यामागे आहे.

३. हाताने लिहा

प्रावीण्य परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, लिहायचे नसते. मोबाइलवर उच्चार टंकला की कांजी आपोआप समोर येते. मग लिहायचे कशाला, असे विचारले जाते. लिहिल्याने डोळा सूक्ष्म होतो, म्हणून. 'शूमात्सु' म्हणजे आठवड्याचा शेवट आणि 'मिराइ' म्हणजे भविष्य. या शब्दांतील दोन कांजी झाडाच्या चिन्हावर एक आडवी रेघ वाढवून होतात. वरची रेघ लांब असेल तर 'शेवट', खालची लांब असेल तर 'अद्याप नाही'. 'धरणे' आणि 'वाट पाहणे' यांतील फरक केवळ डाव्या अवयवाचा. नुसते पाहणाऱ्याला हे फरक निसटतात; लिहिणाऱ्याच्या हातात ते बसतात.

रेघांचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळावा : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सामान्यतः आडवी आधी व उभी नंतर, बाहेरची चौकट आधी व तिची तळाची रेघ सर्वांत शेवटी. 'कुचि' म्हणजे तोंड हा चौकोन चार रेघांचा दिसतो, पण तो तीन रेघांत लिहितात. रेघेच्या शेवटाचेही तीन प्रकार आहेत : 'तोमे' म्हणजे थांबणे, 'हाने' म्हणजे झटका देऊन उचलणे, 'हाराइ' म्हणजे पसरत नेणे. चौकटीच्या वहीत सावकाश दहा वेळा लिहिण्यापेक्षा तीन वेळा पाहून व दोन वेळा न पाहता लिहिणे अधिक फलदायी आहे. दोन हजार कांजी हाताने लिहिता आल्याच पाहिजेत असे नाही. आरंभीच्या काही शे, तसेच आपले नाव, पत्ता व कामाच्या ठिकाणचे शब्द मात्र पक्के लिहिता यावेत.

४. रोज थोडे, पण न चुकता

हिशेब मांडून पाहू. रोज तीन कांजी शिकल्या, तर २,१३६ कांजींना ७१२ दिवस लागतात, म्हणजे दोन वर्षांहूनही कमी. रविवारी तीस कांजी उरकणाऱ्याचा हिशेब कागदावर अधिक चांगला दिसतो. परंतु पुढच्या रविवारी त्यांतील फार थोड्या शिल्लक असतात. उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. नव्यासाठी वीस मिनिटे व जुन्यासाठी वीस मिनिटे इतका वेळ पुरतो.

वहीच्या एका पानावर नवी कांजी, तिचे अवयव व तीन शब्द लिहावेत. समोरच्या पानावर स्वतःच्या आयुष्यातील एक वाक्य लिहावे. उच्चार पहिल्या आठवड्यानंतर देवनागरीत किंवा रोमनमध्ये न लिहिता हिरागानात लिहावा. पहिल्या तीन महिन्यांनंतर वाचन सुरू करावे. जपानी बालपुस्तकांत कांजीच्या माथ्यावर लहान हिरागानात उच्चार छापलेला असतो, त्याला 'फुरिगाना' म्हणतात. तो कागदाच्या पट्टीने झाकून आधी स्वतः वाचावे, मग पट्टी सरकवून पडताळावे. एनएचके ही संस्था सोप्या जपानीत बातम्या देते. रोज एक बातमी पुरे. शुश्रूषेच्या कामाला जाणाऱ्याने 'गो' म्हणजे चूक ही कांजी 'गोएन', 'गोकाइ' म्हणजे गैरसमज, 'गोजि' म्हणजे चुकीचे अक्षर अशा शब्दांतून शिकावी. ज्याचे जसे काम, तशी त्याची पहिली शब्दसूची.

पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी

पालकांपैकी अनेकांना वाटेल, की आम्हाला जपानीचे एक अक्षर येत नाही, आम्ही काय मदत करणार? मदत करण्यासाठी जपानी यावी लागत नाही. संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला वही उघडायला सांगावे, आणि 'आज कोणता शब्द शिकलास, त्यात कोणते भाग आहेत, तो वापरून एक वाक्य कर आणि मला त्याचा अर्थ सांग' एवढे विचारावे. आईला समजावून सांगता आलेला शब्द परीक्षेत आठवतो. जपानमध्ये काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी रोज दिसणारे पन्नास शब्द सुवाच्य अक्षरांत लिहून शाळेकडे पाठवावेत. ती यादी पुढच्या तुकडीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी पडेल.

आणि विद्यार्थ्यांनी आजच तीन कांजींपासून प्रारंभ करावा. कोणत्या तीन, हे ज्याने त्याने आपल्या कामाकडे पाहून ठरवावे.